चार कॉम्प्युटर जोडले तरी रेंडर चौपट वेगाने का होत नाही?

लग्नसराई आली की नांदेड-लातूरकडच्या व्हिडिओ एडिटिंगवाल्यांची मशीन रात्रभर चालू असतात. बिल्डरसाठी थ्रीडी वॉकथ्रू करणाऱ्यांचंही तेच. पार्टीला काम सकाळी पाहिजे आणि रेंडर संपायचं नाव घेत नाही. मग डोक्यात येतं, बाकीचे तीन कॉम्प्युटर पण लावू की कामाला!

आयडिया बरोबर आहे. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये बनवलेला परम ८००० हा सुपर कॉम्प्युटरसुद्धा अनेक प्रोसेसर जोडूनच तयार झाला होता. ॲनिमेशनमध्ये तर प्रत्येक फ्रेम सुटी असते. पहिली फ्रेम एका मशीनने करायची, दुसरी दुसऱ्याने. यालाच नेटवर्क रेंडरिंग म्हणतात.

पण गाडी दोन ठिकाणी अडते. लायसन्स आणि वायर.

आधी लायसन्स बघू.

एक सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे ते दुकानातल्या सगळ्या मशीनवर चालवता येतं असं नाही. व्ही-रे मध्ये रेंडर करणाऱ्या जादा मशीनसाठी वेगळं रेंडर नोड लायसन्स लागतं. दा विंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण दुसऱ्या मशीनवर रेंडर पाठवायची सोय पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ व्हर्जनमध्येच आहे आणि त्याची एक की दोन कॉम्प्युटरवर चालते. ब्लेंडर मात्र २००२ पासून मुक्त लायसन्सखाली आहे. दोन मशीनवर टाका नाहीतर दोनशे, कुणी विचारणार नाही.

प्लगइनचं लायसन्स वेगळं असतं, हे बरेच जण विसरतात. मग रात्री रेंडर लावून जातात आणि सकाळी फ्रेमवर वॉटरमार्क दिसतो.

आता वायर.

समजा १० सेकंदांचा वॉकथ्रू आहे, २५० फ्रेम, प्रत्येकीला ४ मिनिटं. एका मशीनवर १६ तास ४० मिनिटं लागतील. चार मशीन लावली तर साधारण सव्वाचार तास लागायला पाहिजेत.

पण प्रत्येक मशीन दर फ्रेमला २ जीबीचं टेक्स्चर मेन कॉम्प्युटरवरून ओढत असेल तर? १०० एमबीपीएसच्या लाईनमधून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात. चौघांचे मिळून ८ जीबी पोचायला पावणेअकरा मिनिटं. म्हणजे ४ मिनिटांच्या कामासाठी पावणेअकरा मिनिटं वाट बघायची. एकूण वेळ होतो जवळजवळ साडेपंधरा तास. चार मशीनचं लाईट बिल भरून वाचला फक्त सव्वा तास.

तेच गिगाबिट लाईनवर काम सव्वापाच तासांत होतं.

स्विच गिगाबिटचा असला तरी स्पीड पडू शकतो. १०० एमबीपीएसला केबलमधल्या ४ तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. जॅकमध्ये एखादी तार सैल असली की लाईन गुपचूप १०० वर येते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला की लगेच कळतं.

कॉलेजची ३० मशीनची लॅब वापरणार असाल तर अजून एक अडचण आहे. साध्या विंडोज १० किंवा ११ वरच्या शेअर फोल्डरला एका वेळी २० मशीनच जोडता येतात.

मग करायचं काय?

टेक्स्चर आणि फुटेज आधीच प्रत्येक मशीनच्या डिस्कवर कॉपी करा, फोल्डरचा पत्ता सगळीकडे सारखा ठेवा. सॉफ्टवेअर आणि प्लगइनचं व्हर्जनही एकच पाहिजे, नाहीतर फ्रेमचा रंग बदलतो.

ब्लेंडर असेल तर आउटपुटमध्ये ओव्हरराइट बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू करा. मग एकाच शेअर फोल्डरमध्ये सेव्ह करणारी मशीन एकमेकांची फ्रेम पुन्हा करत बसत नाहीत.

आणि आउटपुट थेट व्हिडिओ न ठेवता सुट्या इमेजमध्ये घ्या. मध्येच लाईट गेली तर चालू असलेल्या फ्रेमच जातात, रात्रभराचं काम जात नाही.

चौथा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी केबल आणि लायसन्स तपासा. बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागतं.