वही कोणाकडे?
शाळा, गाव आणि कारभार : भाग ६

बेळगुंदीच्या शिवारात रताळी काढायचे दिवस आले की गावात दिवसा माणूस सापडत नाही. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवरच्या या पट्ट्यात भात आणि रताळी ही दोन पिके माणसांचे वेळापत्रक ठरवतात. नवरात्राचे उपवास जवळ आले की बाजारात रताळ्यांना मागणी येते आणि घरातली सगळी माणसे रानात असतात. अशा दिवशी सकाळी अकराला शाळा सुधारणा समितीची बैठक ठेवली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘सर, रताळी काढायची हाईत, बैठक सांजच्याला ठेवा की,’ एवढे एखाद्या आईने म्हटले तर त्यात निम्मे व्यवस्थापनशास्त्र आले.

मागच्या भागात शाळेसाठी पैसा कसा उभा राहतो ते पाहिले. या भागात माणसांकडे वळू.

कर्नाटकात ही समिती ‘एसडीएमसी’ या नावाने ओळखली जाते. सीमाभागातले मराठी पालक तिला ‘शाळा सुधारणा समिती’ म्हणतात. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण कृतिदलाच्या शिफारशींनंतर एप्रिल २००१ मध्ये राज्य सरकारने तिचा आदेश काढला. पालकांनी आपल्यातून नऊ जण निवडायचे आणि त्यांच्यातूनच अध्यक्ष ठरवायचा, असा तिचा मूळ गाभा होता. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने देशभरासाठी चौकट घालून दिली. तिच्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे आले.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिला अडसर भाषेचा असतो. परिपत्रक कानडीत येते, पालक मराठीत वाचतात आणि मधला दुवा असतात मुख्याध्यापक. ते परिपत्रकातले किती सांगतात, कोणत्या शब्दांत सांगतात, यावर बैठकीचा रंग ठरतो. माहिती एकाच माणसाकडे असली की बाकीचे सदस्य फक्त सहीपुरते उरतात.

सहीचीही एक गंमत आहे. ठराववहीत आधी खाली सह्या आणि मग सवडीने वर मजकूर, ही पद्धत आपल्याकडे शाळेपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावरचा उपाय अगदी घरगुती आहे. बैठक संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचायचा, सूचक आणि अनुमोदकाची नावे तिथेच लिहायची आणि शेवटच्या ओळीखाली रेघ ओढायची. त्या रेघेच्या खाली पहिली सही. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही तो ऐकलेला असतो, आणि उद्या वाद झालाच तर चार साक्षीदार हजर असतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मूल शाळेतून बाहेर पडले की पालकाचे सदस्यत्व संपते. एखादी आई दोन वर्षांत बैठकीत बोलायला लागते, हिशोब विचारायला लागते. तोवर तिचा मुलगा सातवी पास होतो. तिच्याबरोबर तिचे शिकणेही जाते आणि नवा सदस्य पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण पुण्यात घडले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तिथले आजीव सदस्य अल्प वेतनावर वर्षानुवर्षे राबायचे आणि संस्था हेच त्यांचे घर. पण घर म्हटले की भांडणेही आली. वेतन वाढवावे का, सदस्याने बाहेरची कामे पत्करावीत का, यावर टिळक आणि आगरकर यांचे पटेना. कागलात बालपण गेलेले आजीव सदस्य गोपाळ कृष्ण गोखले १८९० मध्ये सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा हा वाद पेटला आणि त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला. माणसे थोर होती, ध्येय एकच होते; मात्र ‘पूर्ण वेळ संस्थेला’ म्हणजे नेमके किती, याचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. तरीही संस्था मोडली नाही. सदस्यांची सभा, मतदान, नोंदी असा कारभाराचा सांगाडा एका माणसाच्या येण्याजाण्यावर उभा नव्हता.

बेळगावातही १९१६ मध्ये सात तरुण शिक्षकांनी केएलई संस्था उभी केली. आज त्यांना ‘सप्तर्षी’ म्हणतात. तिची शाळा-महाविद्यालये पुढे निपाणीपर्यंत पोहोचली.

सरकारी शाळेच्या समितीला सप्तर्षी मिळणार नाहीत. तिला दर तीन वर्षांनी बदलणारी माणसेच मिळतील. म्हणून तिची आठवण माणसांच्या डोक्यात राहता कामा नये, ती दप्तरात असायला हवी. जाणाऱ्या सदस्यांनी येणाऱ्यांना एक पान द्यावे. खात्यात किती शिल्लक आहे, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीने शेवटचा पैसा कधी निघाला, कौलांच्या दुरुस्तीचा अर्ज कोणत्या कार्यालयात कोणत्या तारखेला दिला, बिसी ऊटाच्या, म्हणजे दुपारच्या गरम जेवणाच्या, तांदळाचा साठा कोण तपासते, एवढे त्यावर पुरे.

या भागातल्या गावांना असा कारभार नवा नाही. बेळगुंदी, कडोली, उचगाव, येळ्ळूर इथली मराठी साहित्य संमेलने गावकरीच भरवतात. ग्रंथदिंडीची पालखी कोण सजवणार, जेवणाच्या पंगतीला कोण उभे राहणार, पाहुण्यांना स्टँडवरून कोण आणणार, हे तिथे वर्गणीच्या वहीइतकेच चोख ठरलेले असते. संमेलनाच्या मंडपात खुर्च्या लावणारा तरुण आणि शाळेच्या बैठकीत मागे गप्प बसणारा बाप अनेकदा एकच असतो. मंडपात त्याला काम नेमून दिलेले असते, शाळेत फक्त निमंत्रण.

(पुढील भागात : मुख्याध्यापक बदलून गेल्यावर शाळेचे पहिले १०० दिवस.)