पूर ओसरल्यावर घराच्या विम्याचा दावा कसा करावा

मुळा आणि मुठा या नद्यांचा पुण्यात संगम झाल्यावर त्यांचा एकत्र प्रवाह येरवड्यास लागून पूर्वेकडे वळतो आणि पुढे मांजरी, थेऊर या गावांच्या शिवारांतून वाहतो. त्यामुळे येरवड्यातील नदीकाठचा रहिवासी आणि खालच्या गावातील शेतकरी यांची घरे एकाच पाण्याच्या वाटेवर उभी आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यातील हजारो कुटुंबे बेघर झाली. २५ जुलै २०२४ रोजी धरण शाबूत होते. तरीही खडकवासल्यातून मुठेत ३५,००० क्युसेकहून अधिक पाणी सोडावे लागले आणि नदीकाठच्या घरांत पाणी शिरले. पूर टाळणे घरमालकाच्या हाती नसते. झालेल्या नुकसानीची भरपाई मिळविणे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती असते.

चिखल काढण्यापूर्वी

पाणी ओसरले की घरातील माणसे प्रथम खराटा हाती घेतात. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, कुजू लागलेले धान्य हे सर्व दोन दिवसांत उकिरड्यावर जाते. हे स्वाभाविक आहे. परंतु नुकसानीचा पुरावाही त्याबरोबरच जातो. आठ दिवसांनी विमा कंपनीचा सर्वेक्षक येतो, तेव्हा त्यास धुतलेल्या फरशीखेरीज काहीच दिसत नाही. हप्ता नियमित भरलेला असूनही अशा कुटुंबाचा दावा दुबळा ठरतो.

यासाठी पुढील क्रम पाळावा. प्रथम वीज बंद करावी व पडाऊ भिंतीपासून दूर राहावे. भिंतीवर पाणी जेथवर चढले त्या खुणेची, प्रत्येक खोलीची आणि प्रत्येक बिघडलेल्या वस्तूची छायाचित्रे मोबाइलवर घ्यावीत. वस्तूंची यादी करून तीत खरेदीचे वर्ष व अंदाजे किंमत लिहावी. नंतरच साफसफाई करावी. आरोग्यास घातक झालेले धान्य वा कपडे टाकणे भाग असल्यास छायाचित्र काढून टाकावेत. कपाटे, यंत्रे इत्यादी वस्तू सर्वेक्षक पाहीपर्यंत बाजूला ठेवाव्यात. नुकसान वाढू न देणे हेही विमेदाराचे कर्तव्य होय. म्हणून उघड्या छतावर ताडपत्री घालण्यास थांबू नये. त्या खर्चाची पावती मात्र जपून ठेवावी.

विमापत्रात काय येते

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र प्रचारात आले. आग, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे इत्यादी आपत्तींनी झालेली हानी त्यात समाविष्ट आहे. इमारतीची विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरते. जमिनीची किंमत तीत धरली जात नाही. समजा, घराचे चटईक्षेत्र ५० चौरस मीटर असून बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २०,००० रुपये आहे. तेव्हा विमा रक्कम १० लाख रुपये होईल. इमारतीचा विमा असल्यास तिच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरगुती सामानासही आपोआप संरक्षण मिळते. म्हणजे या उदाहरणात २ लाख रुपये. मलबा हलविण्याच्या खर्चासाठी दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते.

रोख पैसा या विम्यात येत नाही. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. वर्षानुवर्षे मुरलेली ओल ही आपत्ती नसल्याने तिची भरपाई मिळत नाही. पिके व जनावरे यांचे विमे स्वतंत्र असतात. गृहकर्ज घेतलेल्या अनेकांच्या घराचा विमा बँकेने उतरविलेला असतो, पण त्यांना त्याची जाणीव नसते. अशांनी बँकेकडून विमापत्राची प्रत आजच मागून घ्यावी.

पंचनामा म्हणजे दावा नव्हे

आपत्तीनंतर महसूल खात्याचे कर्मचारी पंचनामा करतात. तो शासकीय मदतीसाठी असतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, तर किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये अशी ही मदत होती. ही रक्कम आधारासाठी असते. घर पुन्हा उभे करण्यास ती पुरत नाही. पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीस कळले, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. कंपनीस स्वतंत्रपणे व विनाविलंब कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज द्यावा. त्यासोबत विमापत्र, छायाचित्रे, सामानाची यादी, दुरुस्तीचा अंदाज आणि पंचनाम्याची प्रत जोडावी. पंचनामा हा दाव्यास बळकटी देणारा कागद आहे.

सर्वेक्षक येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने हजर राहावे. नुकसान फुगवून सांगू नये. एक खोटी नोंद साऱ्या खऱ्या नोंदींवर संशय आणते. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

दावा नाकारल्यास

दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे व प्रथम कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी कंपनीने तक्रार नाकारल्यापासून एक वर्षाची मुदत असते. हे कार्यालय पुण्यातही आहे. तेथे शुल्क पडत नाही, वकिलाची गरज नसते आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालास आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पुराच्या दिवशी विमापत्राचे महत्त्व सांगून उपयोग होत नाही. मे महिन्यात, घराची शाकारणी चालू असतानाच, नदीकाठच्या प्रत्येक घरी जावे. विमापत्र आहे काय, त्याची मुदत कधी संपते, त्यात पूर येतो काय, हे घरमालकाकडून वाचून घ्यावे. कोरड्या घराची व सामानाची छायाचित्रे काढवून ती परगावच्या नातेवाइकाकडेही पाठविण्यास सांगावे. विमापत्र व मालमत्तेचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावेत. घर सोडून जाण्याची सूचना आली, म्हणजे लहान मुले आणि वृद्ध यांच्यानंतर हीच पिशवी उचलावी. पूर ओसरल्यावर घर पुन्हा उभे करण्याचे काम या पिशवीतील कागदांपासूनच सुरू होते.