निमिषाचा वेध

कालमापनाची आवड मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे असे काळाचे सूक्ष्म विभाग आपल्या पूर्वजांनी कल्पिले होते. एक विपळ म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळ. परंतु त्या विपळाच्याही पोटात सृष्टीचे असंख्य व्यवहार उरकून जातात. लाकूड जळते, लोखंड गंजते, दुधाचे दही होते. हे फेरफार आपल्याला सावकाश घडताना दिसतात. पण त्यांच्या मुळाशी रेणूतील एक बंध तुटून दुसरा जुळण्याचा जो प्रसंग असतो, तो कल्पनेलाही गाठता येणार नाही इतक्या त्वरेने घडून जातो. क्रियेचा आरंभ रसायनशास्त्राला ठाऊक होता, शेवटही ठाऊक होता. मधला क्षण मात्र पडद्याआडच राहिला होता. तो पडदा दूर सारणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव अहमद झेवैल.

झेवैल यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९४६ रोजी इजिप्तमधील दमनहूर या गावी झाला. त्यांचे बालपण नाईल नदीच्या काठी, देसूक नावाच्या गावात गेले. तीन बहिणींत ते एकुलते एक भाऊ. मुलाने मोठी विद्या संपादन करावी, अशी घरच्यांची एवढी उत्कंठा की, त्याच्या अभ्यासाच्या खोलीवर 'डॉक्टर अहमद' अशी पाटी त्यांनी आधीच लावून टाकली होती! मुलगाही तसाच जिज्ञासू होता. आईची कॉफी करण्याची तेलाची शेगडी आणि काचेच्या काही नळ्या घेऊन त्याने घरातच एक उपकरण जुळवले. लाकडाला उष्णता दिली म्हणजे त्यातून जळणारा वायू निघतो, तो कसा, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. या प्रयोगापायी घराला आग लागण्याचा धोका होता. परंतु पदार्थ कसे पालटतात हे पाहण्याचा त्याला लागलेला छंद पुढे कायम राहिला.

अलेक्झांड्रिया विद्यापीठातून १९६७ साली ते उच्च श्रेणीत पदवीधर झाले. त्याच वर्षी अरब-इस्रायल युद्ध झाले आणि इजिप्त व अमेरिका यांचे राजनैतिक संबंध तुटले. अशा दिवसांत १९६९ साली हा तरुण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाला. भाषा परकी, चालीरीती परक्या, आणि विज्ञानातील नव्या उपकरणांचा परिचयही अपुरा. पण रॉबिन हॉखस्ट्रासर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी चिकाटीने अध्ययन केले आणि १९७४ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे बर्कली येथे काही काळ संशोधन करून १९७६ साली ते पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत अध्यापक झाले. तेथेच त्यांच्या आयुष्याचे कार्य घडले.

ते कार्य समजून घेण्यासाठी प्रथम एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. रेणू डोळ्यांना दिसत नाही, मग त्याची ओळख कशी पटावी? चुलीच्या ज्वाळेत मिठाची चिमूट टाकली की ज्वाळा पिवळीधमक होते. तो मिठातील सोडियमचा रंग. प्रत्येक द्रव्य काही ठरावीक रंगांचाच प्रकाश शोषून घेते किंवा बाहेर टाकते. या रंगरेषांच्या पटाला वर्णपट म्हणतात. अंधारातही माणूस जसा आवाजावरून ओळखता येतो, तसे अणू व रेणू वर्णपटावरून ओळखता येतात. या विद्येला वर्णपटशास्त्र असे नाव आहे. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर प्रकाशित केला, तेव्हा वर्णपटशास्त्राला एक तेजस्वी आणि शिस्तबद्ध दिवा लाभला. कारण लेसरच्या प्रकाशलहरी एका लयीत चालतात.

परंतु ओळखणे निराळे आणि घडत असताना पाहणे निराळे. घोडा चौखूर उधळला असता त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात काय, याविषयी एके काळी मोठा वाद होता. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली आणि पाय उचललेले असतात हे सिद्ध केले. रेणूंच्या बाबतीत असाच प्रयत्न १९४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाच्या झगमगाटांच्या साहाय्याने केला. त्यांना १९६७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तथापि त्यांचे झगमगाट रेणूच्या मानाने फार दीर्घ होते. अणूंची गती सेकंदाला साधारणतः एक किलोमीटर असते, आणि बंध तुटण्यासाठी त्यांना फारच थोडे अंतर जावे लागते. हा सारा खेळ सुमारे १०० फेम्टोसेकंदांत आटोपतो.

फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा १,००,००,००,००,००,००,००० वा भाग. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजू म्हटल्यास ३ कोटींहून अधिक वर्षे लागतील!

इतक्या अल्प काळाचे प्रकाशस्पंद लेसरपासून मिळू लागले, तरी एक शंका उरलीच होती. स्पंद अतिशय लहान केला की त्याच्या ऊर्जेचा निश्चितपणा कमी होतो, हा निसर्गनियमच आहे. तेव्हा अशा स्पंदाने रेणूचे चित्र अस्पष्टच येणार, असे अनेक जाणत्यांना वाटे. शिवाय एका प्रयोगात असंख्य रेणू असतात. त्यांच्या गोंधळात एकाची हालचाल कशी कळावी? झेवैल यांनी याचे उत्तर लयीत शोधले. लेझीम खेळणारी मुले मनास येईल तशी हालू लागली, तर पाहणाऱ्याला नुसता गलबला दिसेल; पण हलगीच्या एकाच ठोक्याला सर्वांनी पाऊल टाकले, तर शंभर मुलांचे पथक एका मुलासारखे दिसते. अँथ्रासीनच्या रेणूंवरील प्रयोगांत १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी दाखवून दिले होते की, लेसरच्या स्पंदाने जागे केलेले रेणू असेच लयबद्ध कंप पावतात.

मग त्यांनी प्रयोग रचला तो असा. निर्वात पात्रात रेणूंचा झोत सोडावयाचा. लेसरच्या पहिल्या स्पंदाने बंध तुटण्यास आरंभ करून द्यावयाचा; जणू तेथून घड्याळ सुरू झाले. दुसरा स्पंद किंचित मागाहून येतो आणि रेणूची त्या क्षणीची स्थिती टिपतो. पण मागाहून म्हणजे किती? इतका सूक्ष्म काळ दाखवणारे घड्याळ तर जगात नव्हते! येथे प्रकाशाचा वेगच उपयोगी पडला. एका फेम्टोसेकंदात प्रकाश मिलिमीटरच्या अवघ्या ०.०००३ भागाइतका जातो. म्हणून दुसऱ्या स्पंदाच्या वाटेवरील आरसा केसाच्या जाडीहूनही कमी सरकवला की, त्या स्पंदाला ठरल्याप्रमाणे उशीर होतो. काळ मोजण्याचे काम असे अंतरावर सोपवण्यात आले.

१९८७ साली या युक्तीने आयोडीन सायनाइडच्या रेणूतील बंध तुटताना प्रथमच पाहण्यात आला. त्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागले. पुढे सोडियम आयोडाइडच्या रेणूत त्याहून नवलाची गोष्ट आढळली. स्पंदाचा आघात होताच त्यातील दोन अणू एकमेकांपासून दूर जात, पुन्हा जवळ येत, जणू झोक्यावर बसले आहेत. आणि प्रत्येक झोक्यागणिक काही रेणूंचा बंध कायमचा तुटे. दोन टोकांमधला जो क्षण शास्त्रज्ञांनी केवळ तर्काने मानला होता, तो असा प्रत्यक्ष दृष्टीस पडला. या कार्याबद्दल झेवैल यांना १९९९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. विज्ञानासाठी ते मिळवणारे ते पहिले अरब शास्त्रज्ञ होत.

मायदेशाचे ऋण ते विसरले नाहीत. इजिप्तमध्ये कैरोजवळ एक विज्ञाननगरी उभारावी, ही त्यांची कल्पना बरीच वर्षे अडून राहिली. २०११ साली तिला पुन्हा चालना मिळाली. २ ऑगस्ट २०१६ रोजी त्यांचे अमेरिकेत देहावसान झाले आणि त्यांना मायभूमीत दफन करण्यात आले.

त्यांच्या विद्येचा विस्तार मात्र सुरूच राहिला. पानाने सूर्यप्रकाश टिपल्याबरोबर आत काय घडते, याचा शोध आता याच मार्गाने घेतला जातो. आपल्या डोळ्यांवर प्रकाश पडला की तेथील एका रेणूचा आकार अवघ्या २०० फेम्टोसेकंदांत पालटतो आणि तेथून पाहण्याची क्रिया सुरू होते, हेही याच पद्धतीने उमगले. या ओळी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तोच चमत्कार आत्ताही अखंड चालू आहे. तो आपोआप घडतो. पण तो कसा घडतो हे जाणण्यासाठी काहींना आपली सारी वर्षे एका निमिषाच्या शोधात वेचावी लागली.