मनोऱ्याखालची काळी जमीन

परभणी केंद्र म्हणजे १३०५ किलोहर्ट्झ, लहरीची लांबी सुमारे २३० मीटर. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ज्यांचे लहानपण ट्रान्झिस्टरच्या सोबतीने गेले, त्यांच्या कानात हे दोन आकडे अजून असतील. वीस किलोवॉटचा हा मध्यम लहरींचा प्रक्षेपक मराठवाड्याच्या मधोमध उभा राहिला आणि गोदाकाठापासून बालाघाटाच्या माथ्यापर्यंत ऐकू जाऊ लागला. त्याआधी निजामी राजवटीत औरंगाबादला एक रेडिओ केंद्र होते. ते पुढे आकाशवाणीकडे आले आणि काही वर्षांत बंद झाले.

मध्यम लहरींचे केंद्र बंद पडले की लोक यंत्राची चौकशी करतात. यंत्र नवे मिळते. आजचा प्रक्षेपक तर कपाटांच्या एका रांगेत मावतो. मिळत नाही ती जमीन.

त्याचे कारण मनोऱ्याच्या रचनेत आहे. एफएमचा मनोरा फक्त वर चढवलेल्या अँटेनाला उंची देतो. मध्यम लहरींचा मनोरा स्वतःच अँटेना असतो. पायाशी चिनी मातीचा भक्कम इन्सुलेटर, त्यावर सगळा लोखंडी सांगाडा, आणि प्रक्षेपण चालू असताना तो नखशिखांत विजेने भारलेला. म्हणून भोवती कुंपण, आणि ताणाच्या दोरांतही जागोजाग इन्सुलेटर. लहरीच्या चतुर्थांशाइतकी उंची सोयीची. १३०५ किलोहर्ट्झला ती साडेसत्तावन मीटरच्या आसपास येते. पण हे अर्धेच झाले. अँटेनाचा उरलेला अर्धा भाग जमिनीत असतो. मनोऱ्याच्या पायापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा वीतभर खोल पुरतात. चांगल्या केंद्रात त्या १२० असतात आणि प्रत्येकीची लांबी साधारण मनोऱ्याच्या उंचीएवढी. हिशेब केला तर नुसत्या तारांच्या वर्तुळाखाली अडीच एकर जमीन जाते. तिथे गुरे चरू शकतात, नांगर घालता येत नाही.

मराठवाड्यात नव्या मनोऱ्याला जागा शोधायची झाली, तर नांदेड आणि लातूर यांतला फरक इथे कळतो. एफएमवाला माणूस लातूर पसंत करील: शहर बालाघाटाच्या पठारावर, नांदेडपेक्षा बरेच उंच. मध्यम लहरींसाठी जागा बघणाऱ्याला त्या उंचीचा फारसा उपयोग नाही. त्याची लहर दिवसा जमिनीला धरून चालते, आणि माती ओल धरणारी असली तर ती लांब जाते. माळावरचा मुरूम आणि त्याखालचा बेसॉल्ट पाणी धरत नाहीत. गोदावरीच्या खोऱ्यातली नायगाव-बिलोलीकडची काळीभोर, खोल रेगूर माती मात्र पावसाळ्यानंतर कित्येक महिने आत ओली असते. लातूर जिल्ह्यातही मांजरेच्या काठाने अशी जमीन आहे. शोध घ्यायचा तो तिथे.

पण ही माती बांधकामाला अवघड. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगली की पाया हलतो, भेगाळली की पुरलेल्या तारा ताणल्या जातात. लहरीला जी जमीन मानवते ती मनोऱ्याला मानवत नाही, आणि जागा शोधण्याचे खरे कौशल्य या ओढाताणीत आहे. पाया काळीच्या थराखाली घट्ट मुरुमापर्यंत न्यावा लागतो. नदीकाठ म्हणजे पुराची भीती. यंत्रघर उंच जोत्यावर हवे. जवळून उच्चदाबाची वीजवाहिनी गेली असेल तर तीही लहर पकडून पुन्हा फेकते आणि प्रक्षेपणाचा आकार बिघडवते. नांदेडला आणि लातूरला विमानतळ आहेत, त्यामुळे उंचीची परवानगी वेगळी. शिवाय वळवाच्या विजा, आणि तांब्याची चोरी.

अमेरिकेत या जमिनीनेच अनेक केंद्रांचा घास घेतला. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे डब्ल्यूएमएएल केंद्राचे मनोरे ७५ एकरांवर होते. जागा घरबांधणी कंपनीला विकली गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मनोरे पाडले. तिथल्या कायद्याने सलग बारा महिने मुके राहिलेल्या केंद्राचा परवाना आपोआप जातो, म्हणून जागा गेलेले केंद्र घाईने दुसऱ्याच्या मनोऱ्यावर भाडेकरू होते. योग्य गाळण्या बसवल्या की एका मनोऱ्यावरून दोन केंद्रे चालतात. आपल्याकडे ती सोय नाही. खासगी केंद्रांना फक्त एफएम मिळते, मध्यम लहरी एकट्या आकाशवाणीच्या. मराठवाड्यात उसना घ्यावा असा दुसऱ्या कोणाचा मनोराच नाही. म्हणून जुन्या केंद्राची जमीन मोकळी पडली आहे असे म्हणून कोणी तिच्यावर प्लॉट पाडू लागले, तर मला ती सार्वजनिक हानी वाटते.

नांदेडचे एफएम १०१.१ वर छान ऐकू येते. पण एफएमची लहर जवळजवळ नजरेच्या रेषेत जाते. किनवट-माहूरच्या डोंगरांमागे ती विरते. मध्यम लहर डोंगराला वळसा घालते. आणि किल्लारी विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारच्या सुमाराचा भूकंपाचा धक्का, लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे जमीनदोस्त, हजारो माणसे गेली. अशा वेळी गावाजवळचे मोबाइल टॉवर आणि वीज दोन्ही जाऊ शकतात. शंभर किलोमीटरवरचा एक मनोरा शाबूत असला तर दोन सेलच्या रेडिओवर त्याचा आवाज येतो.

म्हणून जागा निवडायचीच झाली, तर मातीची चाचणी वर्षातून दोनदा घ्यावी: एकदा कार्तिकात, जमिनीत ओल असताना, आणि एकदा वैशाखात, भेगा पडल्यावर. जागेचा निर्णय वैशाखातल्या आकड्यावर करावा.