कोरडे डोळे आणि घरांतील दिवे

वैशाखाच्या दिवसांत धामणगांव रेल्वेसारख्या वऱ्हाडांतील गांवीं दिवेलागणीनंतर बहुतेक घरांत एकच देखावा दिसतो. बैठकींत उघडा पांढराशुभ्र दिवा, खिडकींत घोंघावणारा कूलर, भिंतीवर टीव्ही आणि प्रत्येकाच्या हातीं मोबाईल. मंडळी गप्पांत रमली असतां घरांतील आजी किंवा आजोबा डोळे चोळीत उठतात आणि आंतल्या अंधाऱ्या खोलींत जाऊन बसतात. मुलांस वाटतें, वडील रुसले. सुनेस वाटतें, आपलेंच कांहीं चुकलें. पुढें पोथी सुटते, वर्तमानपत्र सुटतें, आणि हळूहळू चार माणसांत बसणेंहि सुटतें. अशा प्रसंगीं स्वभावाला दोष देण्यापूर्वीं दिव्याकडे पाहावें, असें आम्हांस वाटतें.

निरोगी डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. आंतल्या बाजूस श्लेष्म, मध्यें पाणी आणि वर तेलाचा अंश, अशी त्याची रचना आहे; हें तेल पापण्यांच्या कडांतील ग्रंथींतून येतें व पाण्यास उडून जाऊं देत नाहीं. पापणी लवली कीं हा थर पुनः सारखा पसरतो. वयोमानानें, विशेषतः स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर, अश्रु कमी पडतात किंवा तेल बिघडतें. मग थर जागोजाग फाटतो, आणि धुरकटलेल्या कांचेंतून दिव्याचे किरण फांकावे तसा प्रकाश डोळ्यांत विखुरतो. शिवाय कोरड्या पृष्ठभागावरील मज्जातंतु चिडलेले असतात. म्हणून ज्या दिव्याखालीं नातू आनंदानें वाचतो, तोच दिवा आजीस टोचतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत शुष्काक्षिपाक नांवाचा नेत्ररोग वर्णिला आहे; पापण्या कठीण व रूक्ष होणें, त्या उघडण्यास कष्ट पडणें, हीं त्याचीं लक्षणें वाचतांना याच विकाराची आठवण होते. तक्रार जुनीच आहे. नवे आहेत ते दिवे आणि पडदे.

प्रथम दिवे. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी दिव्यांचा प्रसार घरोघर झाला. विजेची बचत झाली, हें निर्विवाद. दोष दिव्याचा नाहीं. थोड्याशा जागेंतून पुष्कळ प्रकाश सोडणारा दिवा आपण उघडा, नेमका नजरेसमोर लावतों, हा दोष आपला. त्यावर दुधी कांचेचें आच्छादन घालावें किंवा प्रकाश भिंतीवर पाडून परतूं द्यावा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन असा आंकडा असलेला पिवळसर दिवा बैठकीस पुरे. वाचणाऱ्यासाठीं निराळा दिवा खांद्यामागून, पुस्तकावर पडेल असा ठेवावा. मात्र अगदीं अंधारहि करूं नये. काळोखांत लखलखणारा टीव्ही उघड्या दिव्याइतकाच त्रास देतो.

पडद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. माणूस एरवीं मिनिटास सुमारें १५ ते २० वेळां पापण्या लववितो. पडद्याकडे टक लावली कीं ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येते. तेव्हां दर २० मिनिटांनीं २० फूट दूर २० सेकंद पाहावें व डोळे चार वेळां पुरते मिटावे. संगणक नजरेच्या किंचित् खालीं ठेवावा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो व कमी सुकतो. खिडकी पडद्याच्या पाठीमागें नको, समोरहि नको, बाजूस असावी. पडद्याशेजारीं पांढरा कागद धरावा आणि दोन्ही सारखे उजळ दिसतील इतकेंच तेज ठेवावें. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांवर पैसे खर्चण्यापूर्वीं हें ध्यानांत असूं द्यावें कीं, २०२३ सालीं कॉक्रेन संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या परीक्षणांत १७ चाचण्या तपासल्या गेल्या. अशा चष्म्यांनीं डोळ्यांचा शीण, निदान अल्पकाळांत तरी, कमी होतो असें त्यांत दिसलें नाहीं.

कूलरचा वारा दमट खरा, परंतु थेट तोंडावर आला कीं अश्रु उडवितो. त्याचें तोंड वळवावें. उन्हांत निघतांना काठाची टोपी व बाजूंनीं झांकणारा गडद चष्मा असावा. घरांत मात्र तो सतत लावूं नये, कारण डोळे अंधारास सरावतात आणि उजेड अधिकच खुपतो. डोळा लाल होऊन दुखूं लागला, दृष्टि अंधुक झाली किंवा तोंडहि कोरडें पडूं लागलें, तर मध-गुलाबपाणी न घालतां नेत्रवैद्याकडे जावें. सर्दी-ॲलर्जीच्या कांहीं गोळ्यांनींहि डोळे कोरडे पडतात. म्हणून चालू असलेलीं औषधें त्यांस सांगावीं.

एक सोपी परीक्षा सांगून पुरें करतों. आज सायंकाळीं घरांतील कर्त्या माणसानें आजी बसते त्या जागीं, तिच्या उंचीवर नजर आणून, पांच मिनिटें बसावें. दिवा डोळ्यांत येतो काय, वारा तोंडावर येतो काय, हें त्यास तेथेंच कळेल. दिवा व कूलर हलविण्यास फार तर अर्धा तास लागतो. तेवढ्यानें आजी पुनः मंडळींत येऊन बसली, तर तो अर्धा तास सत्कारणीं लागला म्हणावें.