घन क्षारक उत्प्रेरक कसा तयार करतात

दोन रेणू परस्परांशी जोडले जाऊन मोठा रेणू तयार होतो आणि बहुधा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, अशा विक्रियेस संघनन म्हणतात. ॲसिटोनाच्या दोन रेणूंपासून प्रथम डायॲसिटोन अल्कोहॉल व मागाहून, पाणी निघून गेल्यावर, मेसिटिल ऑक्साइड मिळते. क्षारक एका रेणूतील प्रोटॉन काढून घेतो आणि तो रेणू दुसऱ्याशी संयोग पावण्यास समर्थ होतो.

या कामी कॉस्टिक सोड्याचा विद्राव पूर्वापार वापरात आहे. परंतु विक्रिया संपल्यावर तो अम्लाने उदासीन करावा लागतो. सोडा वाया जातो आणि लवणयुक्त सांडपाणी मागे उरते. क्षारक घनरूप असेल तर तो नुसता गाळून वेगळा करता येतो व पुन्हा उपयोगात आणता येतो.

हायड्रोटाल्साइट या खनिजापासून असा क्षारक मिळतो. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या हायड्रॉक्साइडांचे थर आणि थरांमध्ये कार्बोनेट व पाणी, अशी त्याची रचना असते. प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनवितात. मॅग्नेशियम नायट्रेटाचे ३ रेणू व ॲल्युमिनियम नायट्रेटाचा १ रेणू या प्रमाणात केलेला विद्राव, कॉस्टिक सोडा व धुण्याचा सोडा यांच्या विद्रावात थेंबथेंब मिसळतात. मिश्रण सतत ढवळून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास राखतात. पांढरा साका सुमारे ६५° सें. तापमानास रात्रभर ठेवून गाळतात व पुनःपुन्हा धुतात. ही धुलाई कसोशीने व्हावी. सोडियमाचा अंश उरला, तर तोच विद्रावात उतरून विक्रिया घडवितो आणि श्रेय मात्र घन पदार्थास दिले जाते.

साका सुमारे १००° सें. वर वाळवून ४५०° सें. वर काही तास भाजला, म्हणजे पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सच्छिद्र मिश्र ऑक्साइड उरते. त्याच्या १ ग्रॅम पुडीचे पृष्ठ सुमारे २०० चौरस मीटर भरते. फारच अधिक तापविल्यास मात्र स्पिनेल तयार होते व क्षारकता घटते.

या पुडीवरून नायट्रोजनाबरोबर पाण्याची वाफ सोडल्यास मोडलेले थर पुन्हा जुळतात आणि कार्बोनेटाच्या जागी हायड्रॉक्साइड येऊन बसते. अशी पूड ॲसिटोनाचे संघनन अल्प तापमानासही घडविते.

तथापि जो क्षारक प्रबळ, तो हवेतील कार्बन डायऑक्साइडही तितक्याच त्वरेने शोषितो. पूड उघडी राहिली की तिची क्रियाशील स्थाने व्यापली जातात. यास्तव ती नायट्रोजनात थंड करून बंद बाटलीत ठेवावी. हवा लागलेली पूड टाकून देण्याचे कारण नाही. पुन्हा ४५०° सें. वर भाजली असता ती कामास येते.