आजी-आजोबांच्या आठवणी कागदावर कशा आणाल?

१९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या घरात आहे. घोटी-इगतपुरी परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये या पिढीची माणसं अजून आहेत. आपण जयंती दणक्यात करतो. पण बाबासाहेबांच्या हाकेला ओ देताना आपल्या आजीने नेमकं काय सोडलं, हे किती जणांना सांगता येईल?

हे लिहायला लेखक असावं लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या ओझरचे दामोदर जाधव मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये कामाला होते. शिक्षण जेमतेम, पण निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. त्यातूनच डॉ. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ मध्ये आलं.

सुरुवात करताना "तुमचा इतिहास सांगा" म्हणू नका. "आमचा कसला इतिहास, बाळा!" एवढंच उत्तर येईल. छोटं, नेमकं विचारा. देव्हाऱ्यातले देव कुठे सोडले? गावकीचं कोणतं काम आपल्या घराकडे होतं? पाणी कुठून भरायचे? घरातलं बौद्ध पद्धतीचं पहिलं लग्न कोणाचं? मुंबईला पहिल्यांदा कोण गेलं आणि कोणाच्या खोलीवर उतरलं?

साल आठवत नसेल तर खुणा द्या. २ मार्च १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असेल. नागपूरची दीक्षा आणि १९७२ चा दुष्काळ त्यांच्याच हयातीतला. "त्याच्या आधी की नंतर?" एवढं विचारलं तरी क्रम लागतो.

परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्याच आठवड्यात वहीत उतरवा. बोली प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. मग कागद शोधा: शाळेचा दाखला, सातबारा, जुने फेरफार. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपलं, त्यामुळे जमिनीच्या आठवणी तिथे पडताळता येतात. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहा.

आजोबा बोलत असतात तेव्हा आजी चुलीपाशी असते. तिला वेगळा वेळ द्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक झालं.

काही गोष्टी सांगताना म्हातारी माणसं अडखळतात. मेलेल्या जनावराचं मांस, शिव्या, मारहाण. तिथे रेटू नका. ती लाज त्यांची नाही, लादणाऱ्या व्यवस्थेची आहे, हे त्यांना कळू द्या. लिहून झालं की वाचून दाखवा. "हे नको" म्हणाले तर काढा.

दहा-पंधरा पानं झाली तरी पुरे. एक प्रत घरात ठेवा, एक विहारात. रविवारी वंदनेनंतर दोन पानं मोठ्याने वाचा. शेजारच्या घरातली आजीही बोलायला लागेल.

जयभीम!